शेवटच्या कडव्याचा धनी

दुसऱ्याच्या दुःखाला चाल लावणे हे पाप नव्हे. तसे असते तर जगातली निम्मी गाणी मुकीच राहिली असती. परंतु ज्याचे दुःख उसने घेतले, त्याच्याच समोर ते गाण्याची वेळ येते, तेव्हा गाणाऱ्याचा गळा आणि गाणाऱ्याचे मन यांतल्या एकालाच खरे राहता येते. भिवाजीवर ती वेळ आली त्या वर्षी आषाढ नुकता लागला होता, उत्तरेच्या बर्फात लढाई पेटलेली होती, आणि भिवाजी शिरड शहापूरच्या आपल्या घरी ओसरीत बसून पेटीच्या भात्यावर डिंकाने कापडी पट्टी डकवीत होता.

दमट हवेने भाता एका कोपऱ्यात उसवला होता. दुपारच्या गाडीने हिंगोलीला पोहोचायचे, तर तो तासाभरात वाळायला हवा होता. भिवाजी बोटाने पट्टी दाबून धरून बसलेला असताना पायरीखाली रूपसिंग येऊन उभा राहिला. डोक्यावर पागोटे, हातात मिटलेली छत्री, आणि खांदे मात्र भिजलेले.

"या दादा, वर या. छत्री हातात असून भिजून काहून राहिले?"

"ध्यानात न्हाई राहिलं," रूपसिंग म्हणाला. पण वर आला नाही. "तू आज हिंगोलीला जाऊन राहिला म्हणे?"

"व्हय. मोंढ्यात कार्यक्रम हाय. जवानांसाठी."

"तेच गाणं म्हणशील?"

भिवाजीने पट्टी दातांनी तोडली. "लोक तेच मागतात, दादा."

आतून त्याच्या बायकोचा, जनकाबाईचा, आवाज आला. "पाव्हणं, चहा घेतल्याबगर जायचं न्हाई. तांड्यावानी घट्ट दूध न्हाई आमच्यात, पर गूळ झ्याक हाय."

रूपसिंग हसल्यासारखे करून पायरीवर टेकला. दोघांची ओळख जुनी होती. रूपसिंगचा बंजाऱ्यांचा तांडा गावापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी भिवाजीने तांड्याच्या पोरांबरोबर माळावर गुरे राखली होती, त्यांची गोरमाटी बोली त्याच्या कानात तेव्हापासून मुरली होती. रूपसिंग वयाने थोरला म्हणून तो त्याला दादा म्हणे. रूपसिंगचा मुलगा प्रेमदास फौजेत होता आणि या घडीला कारगिलच्या बाजूला कुठेतरी होता. कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

"फोन?" भिवाजीने विचारले.

"न्हाई. आधी ऐतवारी यायचा, तुमच्या इथल्या बूथवर. त्याची माय, नानी, अजून बी ऐतवारी तिथं जाऊन बसते. तिला बघून बूथवाला बाकीच्या लोकांना हळू बोलायला लावतो." रूपसिंगने चहाची बशी हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. "भिवाजी, तुझं ते गाणं नानीनं अजून ऐकलं न्हाई. सगळ्या तांड्याला ताकीद देऊन ठेवली. परवा गिरणीवर पोरी गुणगुणत व्हत्या, तर मी गिरणीवाल्याला म्हटलं, दळण न्हाई आलं तरी चालंल, पर गिरणी सुरू कर. निदान तिच्या आवाजात पोरी बुडतील."

जनकाबाई हसली. भिवाजी हसला नाही.

"शेवटचं कडवं तेवढं म्हणू नको," रूपसिंग बशीकडे पाहत म्हणाला. "बाकी गाणं म्हण. चांगलं हाय गाणं."

"दादा, गाण्यानं कुणी मरत न्हाई. आमी असलं काही मानत न्हाई. आमच्या बापजाद्यांनी ते समदं सोडून दिलं."

"मी बी मानत न्हाई." रूपसिंगने बशीतला एक घोट घेतला. "तुझा धम्मदीप कुठं असतो आता?"

"पुण्याला. वायरमन हाय. खांबावर चढतो."

"फोन येतो?"

"येतो की."

"मंग तुला न मानायला सोपं हाय," रूपसिंग म्हणाला. त्या बोलण्यात टोमणा नव्हता. आज पाऊस आहे असे सांगावे तसे त्याने ते सांगितले. चहा संपवून तो उठला.

भिवाजीही उठला. "बघतो, दादा."

हे वचन नव्हते, आणि ते वचन नव्हे हे दोघांनाही कळले होते. रूपसिंग गेल्यावर भिवाजीची मुलगी सपना दाराशी येऊन उभी राहिली. गायनपार्टीत तिचा आवाज सर्वांत वरचा, आणि जीभही.

"बाबा, शब्द दिला का त्याला?"

"न्हाई."

"मंग काय दिलं?"

"चहा," भिवाजी म्हणाला आणि पेटीला गवसणी घालू लागला.

ते गाणे त्याला फाट्यावर सापडले होते. वैशाखात प्रेमदास सुटीवर आला होता. सुटी संपण्याआधीच बोलावणे आले, आणि त्याला निरोप द्यायला आईबाप फाट्यापर्यंत आले. भिवाजीही त्याच गाडीची वाट पाहत तिथे उभा होता. गाडी दिसली तशी नानीबाईने मुलाच्या गळ्यात हात टाकला आणि ती सुरात रडू लागली. तांड्यातल्या बायांचे रडणे असेच असते: भेटीलाही आणि ताटातुटीलाही. त्याला चाल असते, ठाय असतो, शब्द असतात. रडणारी ज्याच्या गळ्यात पडते त्याच्या नावाने ते शब्द तिला त्या त्या वेळी सुचत जातात. भिवाजीने ते बालपणी कितीदा ऐकले असेल. पण त्या दिवशी उन्हात, धुराळ्यात, वाहक घंटी वाजवीत असताना, त्या चढत जाऊन एकाएकी खाली येणाऱ्या सुराने त्याच्या छातीत घर केले. तो गाडीत चढला तेव्हा नानीबाईचे रडणे अजून चालूच होते.

प्रेमदास त्याच्या शेजारी येऊन बसला. औंढा आल्यावर तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "काका, आईला सांगून आलो, तिथं थंडी न्हाई म्हणून."

"मंग, असते का?"

प्रेमदास हसला, आणि त्याने आपले हात मांडीखाली घेतले.

हिंगोलीच्या स्थानकावर उतरेपर्यंत गाणे तयार झाले होते. चाल आईची होती. पहिली ओळ मुलाची होती. *आई, इथं थंडी न्हाई, बर्फ दुरून दिसतो गं. तुझ्या भाकरीचा वास वाऱ्यासंगं असतो गं.* दुसऱ्या कडव्यात पेरणी होती, पाऊस होता आणि पाण्याचा तांब्या होता. ते सगळे कुणाच्याही घरचे होते. तिसरे कडवे मात्र भिवाजीने घरी येऊन रचले. शिपायाच्या गाण्यात शिपाई शेवटी पडला नाही, तर ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात पण वाहत नाहीत, हे तो तीस वर्षांच्या गायकीत शिकला होता.

*आता दिवा विझव, आई, वाट माझी पाहू नको; चौघे आणतील मला, तोंड झाकून राहू नको.*

साऱ्या गाण्यात त्याचे स्वतःचे असे एवढेच होते. ते एक मरण.

हट्ट्याला, औंढ्याला, वसमतला, जिथे जिथे तो हे गाणे गायला तिथे तिथे बाया पदर तोंडात धरून रडल्या. लढाईच्या बातम्या दूरचित्रवाणीवर रोज येत होत्या. पण त्या बातम्यांतल्या माणसाला घर आहे, हे लोकांना या गाण्याने सांगितले. पोरांनी शाळेत ते पाठ केले. आज तर नांदेडचा एक कॅसेट काढणारा माणूस मोंढ्यात ऐकायला येणार होता. गाडीत बसल्यावर सपनाने ते बोलून दाखवलेच.

"शेवटचं न्हाई म्हटलं, तर तो म्हणंल, गाण्याला शेंडाच न्हाई."

"गप बस," जनकाबाई म्हणाली. "शेंडा काढला तरी झाड जगतंय."

भिवाजीने दोघींकडे पाहिले नाही. पेटी त्याच्या मांडीवर होती. गाडी खड्ड्यात आदळली की तिच्या पोटातून एक अस्फुट स्वर निघे, आणि तो हात ठेवून त्याला दाबी.

हिंगोलीचा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. गावात सगळीकडे नव्या पाट्या लागल्या होत्या, आणि साध्या कार्यक्रमालाही लोक आता जिल्ह्याचा कार्यक्रम म्हणत. मोंढ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हळदीची पोती एका अंगाला रचून जागा केली होती. सतरंज्यांवर माणसे गच्च बसली होती. पत्र्यावर पावसाची झड येई आणि जाई. हळदीचा उग्र दरवळ ओल्या कपड्यांच्या वासात मिसळला होता.

भिवाजीने व्यासपीठाच्या पायरीवर पाय ठेवला आणि तो तिथेच थांबला.

व्यासपीठावर, पुढाऱ्यांच्या रांगेत, मधल्या खुर्चीवर नानीबाई बसली होती. आरशांच्या भिंगांची ओढणी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, मांडीवर नारळ. खुर्चीची सवय नसल्याने ती अगदी कडेवर टेकली होती. केव्हाही उठता यावे अशी. तिच्यामागे, खुर्ची न घेता, रूपसिंग उभा होता.

उत्तमसिंग लगबगीने पुढे आला. तो त्याच तांड्याचा, तांड्यातला पहिला पदवीधर. आता हिंगोलीत शिक्षक होता आणि कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्षही.

"या शाहीर, या! तुमचीच वाट पाहत होतो. पाहिलंत का? आपल्या जवानाची आई. दुपारी जीप पाठवून घेऊन आलो. आजवर या गावाच्या व्यासपीठावर आमच्या तांड्याची बाई कधी बसली नव्हती."

"उत्तमसिंग," भिवाजी हळू आवाजात म्हणाला, "मी आज दुसरं काही म्हणतो."

"दुसरं? अहो, ही माणसं कशासाठी आलीत?"

"तिच्यासमोर ते शेवटचं..."

उत्तमसिंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात प्रेमाचाच होता. "शाहीर, ती वाघीण आहे. आणि हे बघा, जुन्या समजुती धरून बसलो तर आपण सगळे होतो तिथेच राहू. हे तुम्ही मला सांगायचं, की मी तुम्हाला?"

भिवाजी पेटी घेऊन वर चढला. सकाळी हेच तो स्वतः बोलला होता. रूपसिंगने नानीबाईच्या खुर्चीमागून त्याच्याकडे एकदाच पाहिले. त्या पाहण्यात विनवणी नव्हती, रागही नव्हता. विहिरीच्या काठावर खेळणाऱ्या लेकराकडे माणूस लांबून पाहतो, हाक मारावी तरी भीती आणि न मारावी तरी भीती, तसे ते पाहणे होते.

पार्टी बसली. ढोलकीवाल्याने ताण चढवला. भिवाजीने पहिल्यांदा एक वंदनगीत गायले, मग भीमरायाचे एक गीत. लोकांनी मान डोलावली, टाळ्या दिल्या, आणि टाळ्या संपायच्या आत मागून आवाज आला.

"थंडी न्हाई! थंडी न्हाई म्हणा!"

"व्हय, शाहीर, तेच!"

भिवाजीने जनकाबाईकडे पाहिले. तिने पदर कानामागे घेतला आणि नजर खाली केली. त्याने भाता उघडला.

पहिल्या ओळीलाच नानीबाईची मान वर आली. *आई, इथं थंडी न्हाई.* तिच्या हातातला नारळ मांडीवर आडवा झाला. चाल तिने ओळखली होती. तिच्या ओठांवरून ते दिसत होते, कारण ओळ खाली यायची ती जागा येण्याआधीच तिचे ओठ तिथे पोहोचत होते. भिवाजी गात होता, पण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. त्याला फक्त तो खुर्चीच्या कडेवर टेकलेला देह दिसत होता. दुसरे कडवे आले. *पेरणी झाली का, आई, पाऊस पडतो का रानी. माझ्या नावाच्या तांब्यात रोज भरतेस का पाणी.* सतरंजीवरच्या बायांनी पदर तोंडाशी नेले. शेडच्या खांबाला टेकून नांदेडचा माणूस डोळे मिटून ऐकत होता.

दुसरे कडवे संपले. ढोलकीने तिहाई दिली. आता शेवटचे.

भिवाजीने तोंड उघडले आणि मिटले. त्याची बोटे पट्ट्यांवर होती तशीच राहिली. मागे सपनाने सवयीने "आता..." असा सूर लावला, तोच त्याने डाव्या हाताने भाता बंद केला. सूर अर्ध्यातच तुटला. ढोलकी थांबली.

पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

"शेवटचं!" कुणीतरी म्हणाले.

"शाहीर, शेवटचं राहिलं!"

उत्तमसिंग वाकून कानाशी आला. "काय झालं? गळा बसला का? पाणी देऊ?"

भिवाजीने मान हलवली. त्याला वाटले, क्षणभर थांबावे, नमस्कार करावा, पेटी गवसणीत घालावी, आणि झाले. इतकेच करायचे होते. एका माणसाने तोंड मिटून बसायचे होते. त्याने हात जोडण्यासाठी उचलले.

आणि सतरंजीवरची एक म्हातारी बाई, डोळे पुसत, आपल्याशीच गावे तशी गाऊ लागली.

*आता दिवा विझव, आई...*

शेजारच्या दोघींनी तिला साथ दिली. मग मागच्या पोरांनी, मग पोत्यांवर बसलेल्या हमालांनी. बघता बघता सारी शेड गाऊ लागली. ना पेटी होती, ना ढोलकी. शेकडो माणसे एका संथ, ओल्या आवाजात, अतिशय मायेने, एका आईला तिचा मुलगा गेल्याचे सांगत होती. *वाट माझी पाहू नको.* भिवाजीचे जोडलेले हात हवेतच राहिले. त्याने गाणे थांबवले होते. पण गाणे त्याचे राहिलेच नव्हते. *चौघे आणतील मला.* त्याने रूपसिंगकडे पाहिले. रूपसिंगने डोळे मिटून घेतले होते.

शेवटची ओळ विरली. नानीबाई उठली.

नारळ खाली पडून गडगडत गेला. कुणी तो उचलला नाही. ती सरळ भिवाजीपाशी आली. तो बसलेला होता, म्हणून ती गुडघ्यांवर टेकली. तिने आपला बांगड्यांनी भरलेला हात त्याच्या गळ्यात टाकला, कपाळ त्याच्या खांद्याला लावले, आणि ती सुरात रडू लागली.

लोक उभे राहिले. "काही बातमी आली का?" कुणीतरी घाबरून विचारले. "तिचा मुलगा गेला का?" माईक पेटीसमोरच होता, आणि तो चालू होता. तिचा प्रत्येक शब्द शेडभर जात होता. पण तो गोरमाटीत होता आणि तिथल्या फार थोड्यांना कळत होता. भिवाजीला कळत होता.

ती प्रेमदासासाठी रडत नव्हती.

ती रडत होती ती अशी: भावा रे, तुझे कोण गेले? भावा रे, तू गावाशेजारी राहिलास आणि मला सांगितले नाहीस. थंडी नाही असे माझाही सांगतो. तुझाही तसेच सांगत होता का? सगळी लेकरे एकच खोटे बोलतात रे, भावा. तुझ्या दारी मी आले नाही, तुझ्या बायकोच्या गळ्यात मी पडले नाही. कोणत्या वाटेने त्याला आणले? तोंड तरी पाहू दिले का?

तिचे काही चुकले नव्हते. तिच्या तांड्यात ज्याच्या घरचे माणूस गेले त्यानेच मरणाचा पहिला सूर काढायचा असतो. दुसऱ्या कुणी तो काढीत नाही. त्याचा गळा दाटून तो मध्येच थांबला, म्हणजे भोवतीच्या बाया तेच रडणे उचलून पुढे नेतात. तिने आज डोळ्यांनी हेच पाहिले होते. एका माणसाने लेकराचे गाणे गायले. मरणाशी आल्यावर त्याच्याने ते गाववेना. आणि सगळ्या गावाने त्याच्यासाठी ते गायले. तिच्या दृष्टीने यात शंकेला जागाच नव्हती. भिवाजीने तिला वाचवण्यासाठी जे केले होते, तेच तिला त्याच्या दुःखाची साक्ष झाले होते.

आणि आता ती धम्मदीपला रडत होती. खांबावर चढणाऱ्या, जिवंत, सव्वीस वर्षांच्या धम्मदीपला.

जनकाबाईलाही गोरमाटी येत होती. ती मागून ताडकन उठली.

"न्हाई वं माय! असं नको बोलू! माझं लेकरू जित्तं हाय!"

माईकने ते साऱ्यांना ऐकवले. नानीबाईचे रडणे थांबले. तिने मान उचलली, जनकाबाईकडे पाहिले, मग भिवाजीकडे. तिचा हात अजून त्याच्या गळ्यात होता, आणि तिचा चेहरा इतका जवळ होता, की तिच्या डोळ्यांतले पाणी कुठून निघाले ते दिसावे.

"भिया," भावाला तांड्यात मारतात ती हाक मारून ती मराठीत म्हणाली, "तुझं कोण गेलं?"

गाण्याने कुणी मरत नाही, हे भिवाजीला ठाऊक होते. ते त्याने शंभर सभांत सांगितले असेल. तरी त्याचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने माईकचे तोंड दाबून धरले.

"कोणी न्हाई," तो म्हणाला.

"मंग हे मरणाचं कोणाचं?"

भिवाजीची नजर तिच्या खांद्यावरून मागे, खुर्चीपाशी उभ्या असलेल्या रूपसिंगकडे गेली आणि तिथून झटकन परत आली. नानीबाईने त्या नजरेचा माग काढला. तिने वळून नवऱ्याकडे पाहिले. रूपसिंगने पागोटे काढून हातात घेतले होते.

उत्तमसिंग पुढे यायला निघाला. सपनाने हात आडवा करून त्याला थांबवले. सतरंजीवर आता कुणी हलत नव्हते. भिवाजी वाट पाहत होता. ती गळ्यातला हात काढून घेईल, थोबाडीत मारील, थुंकेल. आणि यांतले तिने काहीही केले तरी ते योग्यच होईल, असे त्याला वाटले. त्याने मान खाली घातली आणि ती तशीच ठेवली.

हात निघाला नाही.

"धरलेलं रडणं असं मधीच टाकू न्हाई," नानीबाई अखेरीस म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. तो क्षमेचा नव्हता. घरातले उरलेले काम उरकायला उठलेल्या बाईचा होता. "अर्धं टाकलं की ते तिथंच राहतं. तू त्या दिवशी गाडीत बसून गेला. माझं संपलं कुठं व्हतं? गाडी वळणाआड जाईस्तोवर मी म्हणत व्हते. लेकराला नीट पाठवल्याबगर कोणती आई थांबते? तू अर्धंच घेऊन गेला, भिया. म्हणून पुढं तुला हे असलं जोडावं लागलं."

भिवाजीने मान वर केली.

"नाव सांग लेकराचं."

"धम्मदीप."

"हात काढ त्या माईकवरून."

त्याने माईकवरचा हात काढला. तिने पुन्हा कपाळ त्याच्या खांद्याला लावले. चाल तीच होती, चढत जाऊन खाली येणारी. पण खाली आल्यावर ती आता थांबली नाही. तिथून ती वेगळ्याच वाटेला लागली, सपाट आणि रुंद वाटेला, जिच्यावरून भरलेला तांडा बैलांसह जाऊ शकेल. भिवाजीने ही वाट कधी ऐकली नव्हती. धम्मदीपचा वेल वाढू दे, ती म्हणत होती. त्याच्या पायाखालचा खांब सरळ राहू दे. त्याच्या आईची कूस निवलेली राहू दे. जनकाबाई कधी जवळ येऊन बसली आणि तिने दुसऱ्या बाजूने नानीबाईच्या गळ्यात हात टाकला, ते कुणाच्या ध्यानात आले नाही. मग, एकही मात्रा न चुकवता, नानीबाईने दुसरे नाव घेतले. प्रेमदासाचा वेल वाढू दे. त्याच्या हातांना ऊब मिळू दे.

या दुसऱ्या नावाशी तिचा आवाज फाटला. पुढचे शब्द येईनात.

भिवाजीने भाता उघडला. त्याला ही चाल येत नव्हती. म्हणून त्याने तिचा एक खालचा स्वर तेवढा धरला आणि तो सोडला नाही. त्या स्वरावर आधी जनकाबाईने पाऊल टाकले, तिच्यामागे सपनाने, आणि मग खुर्चीमागून, मोडक्या, पुरुषी आवाजात, रूपसिंगने. त्यांनी ते शेवटपर्यंत नेले.

नांदेडचा माणूस केव्हा उठून गेला ते कुणी पाहिले नाही. लोकही टाळ्या न वाजवता उठले. पायताणे शोधताना एकमेकांशी दबक्या आवाजात बोलत होते. प्रेमदासाची काही वार्ता त्या दिवशी आली नाही. पाऊस थांबला होता. मोंढ्याच्या फाटकाशी जीप उभी होती, आणि नानीबाईने भिवाजीच्या माणसांना तीत आपल्याशेजारी जागा करून दिली.

दूर गेलेल्यांना परतीची वाट सुखाची होवो. वाट पाहणाऱ्यांची दृष्टी निवळ राहो. आणि ज्यांच्या मुखी सूर दिला आहे, त्यांना शेवटी काय म्हणावे ते वेळेवर सुचो.